हरवलेल्या दात्याचा शोध: चावीच्या खेळण्याला लागणारे बारीक सुटे भाग कसे मिळवावेत

चावी पिळली तरी बोटांना काही जोरच लागत नाही. नाहीतर जोर लागतो, पण चावी सोडली की ती गर्रकन उलटी फिरते. कधी सगळं नीट भरतं आणि बेडूक मात्र जागचा हलत नाही. असं खेळणं हातात आलं की बहुतेक जण त्याच्या नावाने सुटा भाग शोधायला बसतात. मीही बरीच वर्षं तेच केलं. हाती काही लागत नाही, कारण खेळण्याच्या पोटातल्या दातेरी चाकाला नावच नसतं आणि बनवणाऱ्याने ते सहसा सुटं विकलेलंही नसतं. त्याला असतात ती फक्त मापं: दाते किती, व्यास किती, छिद्र किती, जाडी किती. ती कळली की तसंच चाक मोडक्या प्रिंटरमध्ये किंवा भलत्याच एखाद्या खेळण्यात सापडतं. म्हणून पुढचा बराचसा मजकूर मोजण्याबद्दल आहे आणि शोधण्याचा भाग त्यामानाने थोडका आहे.

उघडण्याआधी आजार ओळखा

खेळणं कानाशी धरून चावी हळू पिळा. चावी मोकळीच फिरत असेल तर मुख्य स्प्रिंगचं एक टोक सुटलं आहे किंवा तुटलं आहे. सोडल्यावर उलटी फिरत असेल तर स्प्रिंग शाबूत आहे, पण तिला अडवून धरणारा खटका निकामी झाला आहे. कारागीर त्याला ‘कुत्रा’ म्हणतात. हा कुत्रा तरी झिजलेला असतो, नाहीतर त्याला दाबून धरणारी केसाएवढी स्प्रिंग गळून पडलेली असते. सोडल्याबरोबर भर्रकन किंचाळत सगळी चावी दोन सेकंदांत संपली तर चाकांच्या साखळीत कुठेतरी दाते उडाले आहेत किंवा वेग आवरणारा पंखा, म्हणजे गव्हर्नर, चाकापासून सुटला आहे. खेळणं चालतं, पण ठरावीक अंतराने टक्-टक् करत अडखळतं? मग एखादं छोटं प्लास्टिकचं चाक आसावर तडकलं आहे असं समजा.

आणि चावी भरलेली असून काहीच हालत नसेल तर सुटे भाग शोधायच्या भानगडीत लगेच पडू नका. निम्म्याहून अधिक वेळा मला आत सापडला तो एक लांब केस, गालिच्याचा धागा किंवा घट्ट होऊन डिंकासारखं झालेलं जुनं तेल. चिमट्याने केस ओढून काढला, आस स्वच्छ केले की काम झालं.

उघडताना

स्प्रिंगमध्ये जोर शिल्लक असताना खेळणं उघडायचं नाही. आधी ते पूर्ण चालवून मोकळं करा. चालत नसेल तर चावी घट्ट धरा, सुईने कुत्रा अलगद उचला आणि चावी बोटांमधून अर्धा-अर्धा फेरा सरकू द्या. हात सुटला तर पोलादी पट्टी बोट कापू शकते. डोळ्यांवर चष्माही हवाच. स्प्रिंग बाहेर काढायची नसेल तर वेढ्यांभोवती तार गुंडाळून तिला बांधून टाका.

पत्र्याची खेळणी कानांनी जोडलेली असतात. एका भागाचे बारीक कान दुसऱ्या भागाच्या फटीतून काढून दुमडलेले असतात. हे कान दोन-तीनदा वाकले की मोडतात, आणि एखादा आधीच एकदा वाकवला गेला असेल तर तुमच्या वाट्याला एकच संधी उरलेली असते. म्हणून सगळे कान उघडू नका. एका बाजूचे, तेही जेमतेम फटीतून निघतील एवढेच सरळ करा आणि दुसरी बाजू बिजागरीसारखी वापरा. प्लास्टिकच्या खेळण्यात स्क्रू लेबलच्या किंवा रबरी पायांच्या खाली लपलेले असतात. स्क्रू सापडलाच नाही तर कवच चिकटवलेलं असण्याची शक्यता जास्त.

प्रत्येक थर काढण्याआधी फोटो घ्या, आणि स्प्रिंगजवळ पोहोचलात की हात आणि खेळणं दोन्ही मोठ्या पारदर्शक पिशवीत घालून काम करा. कुत्र्याची स्प्रिंग उडाली तर ती पिशवीतच राहते. माझी पहिली स्प्रिंग खोलीत उडाली आणि आजतागायत सापडलेली नाही. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून जमिनीवरून फिरवण्याचा उपाय मी त्यानंतर शिकलो.

आतून पडलेला कुठलाही तुकडा फेकू नका. उडालेले तीन दाते, अर्धं वॉशर, वाकलेली पिन हे सगळं डबीत ठेवा. मूळ मापाचा तेवढाच पुरावा तुमच्याकडे असतो.

मापं घेणं

व्हर्नियर कॅलिपर लागतो. साधा, डिजिटल, कुठलाही चालेल, पण पट्टीने भागत नाही. बारीक छिद्र मोजताना मात्र कॅलिपरवर विसंबू नका. त्याच्या आतल्या जबड्यांना थोडी सपाटी असते, त्यामुळे दोन मिलीमीटरचं छिद्र लहान भासतं. ड्रिल बिटांचा संच घ्या आणि त्यांचे गुळगुळीत दांडे एकेक करून छिद्रात घालून पाहा. १.९ चा जातो आणि २.० चा अडतो, म्हणजे छिद्र कळलं.

फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर सुटे भाग काचेवर ठेवा, शेजारी पट्टी ठेवा आणि ६०० डीपीआयवर स्कॅन करा. एका इंचात, म्हणजे २५.४ मिलीमीटरमध्ये ६०० ठिपके. एक ठिपका साधारण ०.०४ मिलीमीटरचा. पत्र्यातून कापलेले कुत्रे, कॅम (फिरताना दुसऱ्या भागाला ढकलणाऱ्या वाकड्या चकत्या), वेडेवाकडे दुवे यांचा आकार टिपायला याहून सोपा मार्ग मला मिळालेला नाही, कारण त्याच चित्रावरून पुढे नवीन तुकडा कापता येतो. मापं एका कार्डावर लिहा. डोक्यात ठेवलेलं माप भंगाराच्या ढिगापुढे हमखास बदलतं.

दातेरी चाकं

इथे थोडं गणित आहे, पण शाळेतलंच. चाकाचे दाते किती मोठे आहेत हे ‘मॉड्यूल’ या आकड्याने सांगतात. बाहेरचा व्यास मोजा आणि दात्यांची संख्या अधिक दोन, याने त्याला भागा. १९ मिलीमीटर व्यासाच्या चाकाला ३६ दाते असतील तर १९ भागिले ३८, म्हणजे ०.५. अलीकडच्या छोट्या प्लास्टिक खेळण्यांत ०.५ हे मॉड्यूल फार आढळतं. उत्तर ०.४९ किंवा ०.५१ आलं तरी ०.५ च समजा. मॉड्यूल सारखं नसेल तर चाकं एकमेकांत बसत नाहीत, दात्यांची संख्या कितीही जुळो. लेगो टेक्निकची चाकं मॉड्यूल १ ची असतात. त्यामुळे ती ०.५ वाल्या खेळण्यात चालणार नाहीत, पण मोठ्या दात्यांच्या जुन्या खेळण्यात कधीकधी अचूक बसतात.

चाक पूर्णच हरवलं असेल तर? शेजारचं चाक आणि दोन्ही आसांमधलं अंतर शिल्लक असतं, तेवढं पुरतं. समजा शेजारच्या चाकाला ३६ दाते आहेत, मॉड्यूल ०.५ आणि आसांच्या मध्यांमधलं अंतर १३ मिलीमीटर. दोन्ही चाकांच्या दात्यांची बेरीज गुणिले मॉड्यूल भागिले दोन, म्हणजे हे अंतर. उलट हिशोब केला तर बेरीज ५२ येते. त्यातून ३६ गेले की उरतात १६. हरवलेलं चाक १६ दात्यांचं होतं आणि त्याचा बाहेरचा व्यास ९ मिलीमीटरच्या आसपास असणार. मध्यांमधलं अंतर थेट मोजता येत नाही. दोन्ही आसांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून दोन्ही आसांची निम्मी-निम्मी जाडी वजा करा.

हा हिशोब दोन ठिकाणी फसतो. एक, अगदी लहान चाकांवर, म्हणजे पिनियनवर. नेहमीच्या २० अंशी दात्यांच्या चाकाला १७ पेक्षा कमी दाते असले की कापताना दात्याची मुळं पोखरली जातात. ते टाळण्यासाठी बनवणारे दाते थोडे बाहेर ढकलतात आणि व्यास सूत्रापेक्षा जास्त भरतो. म्हणून मॉड्यूल काढायला नेहमी जोडीतलं मोठं चाक घ्या. आठ दात्यांच्या पिनियनवरून मॉड्यूल काढून मी एकदा मागवलेल्या चाकांची पिशवी अजून तशीच पडून आहे. दुसरी फसगत जुन्या पितळी यंत्रांत होते. तिथे दाते घड्याळाच्या घडणीचे असतात, टोकाला गोलसर आणि मुळाशी अरुंद. त्यांच्यात आजचं प्लास्टिकचं चाक घातलं तर फिरतं, पण घासतं. तिथे दुसऱ्या जुन्या यंत्रातून काढलेला भागच शोधावा: जुनं चावीचं गजराचं घड्याळ, स्वयंपाकघरातला चावीचा टायमर किंवा त्याच काळातलं दुसरं खेळणं.

मिश्र प्लास्टिक चाकांची पाकिटं छंदवाल्यांसाठी मिळतात आणि बहुधा ती ०.५ मॉड्यूलचीच असतात. त्यांवर बऱ्याचदा १८२ए, १०२बी असे संकेत असतात. सुरुवातीचे अंक दात्यांचे, नंतरचा अंक छिद्राचा मिलीमीटरमध्ये. शेवटचं ‘ए’ म्हणजे आसावर घट्ट ठोकून बसणारं आणि ‘बी’ म्हणजे आसावर मोकळं फिरणारं. म्हणजे १८२ए हे १८ दात्यांचं, दोन मिलीमीटरच्या आसावर घट्ट बसणारं चाक. मोकळं की घट्ट हा फरक विसरलात तर चाक बसतं, पण आस फिरतो आणि चाक जागीच राहतं.

आता तडकलेल्या पिनियनबद्दल, कारण प्लास्टिकच्या खेळण्यांत सगळ्यात जास्त वेळा हाच भाग जातो. पोलादी आसावर प्लास्टिकचं पिनियन ठोकून बसवलेलं असतं. ते वर्षानुवर्षं ताणाखाली राहतं आणि एके दिवशी दोन दात्यांच्या मधे उभी चीर पडते. चीर रुंदावली की त्या जागचं दात्यांमधलं अंतर वाढतं आणि दर फेऱ्याला समोरचा दाता तिथे आदळतो. टक्-टक् येतं ते तिथून. गोंद लावून हे बसत नाही. ही चाकं बहुधा नायलॉनची किंवा अॅसिटलची असतात आणि या प्लास्टिकांना स्पर्श मेणासारखा लागतो. त्यांवर सुपरग्लू वाळतो, पण धरत नाही. दाते मोजून नवं पिनियनच घाला. पिनियनला बाजूला लांब नळीसारखा दांडा असेल तर त्यावर घट्ट पितळी कडं ठोकून चीर मिटवता येते, पण आधी छिद्र किंचित मोठं करून ताण कमी करावा लागतो.

पितळी किंवा पत्र्याच्या चाकाचे एक-दोनच दाते उडाले असतील तर पूर्ण चाक शोधायची गरज नाही. उडालेल्या जागी कानशीने खाच करा, तीत पितळेचा तुकडा बसवून कथलाचा डाग द्या आणि शेजारच्या दात्याकडे पाहत सुईकानशीने त्याला आकार द्या. पहिला दाता घासायला मला दुपारभर लागली होती.

स्प्रिंगा

गुंडाळीच्या स्प्रिंगची चार मापं घ्या: तारेची जाडी, बाहेरचा व्यास, मोकळी लांबी आणि वेढे. यात तारेची जाडी सगळ्यांत जपून मोजायची, कारण स्प्रिंगचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.५० ऐवजी ०.५५ मिलीमीटरची तार घेतली तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण स्प्रिंग जवळपास ४६ टक्के ताठ होते आणि बेडकाची उडी चिमणीएवढी होते किंवा होतच नाही. लांब स्प्रिंग कापून वापरतानाही लक्षात ठेवा, वेढे कमी केले की ती नुसती आखूड होत नाही, ताठही होते. दहातले दोन वेढे कापले तर ताठपणा २५ टक्क्यांनी वाढतो.

बॉलपेनातल्या स्प्रिंगा सगळ्यांना ठाऊक असतात. पण वेगवेगळ्या पेनांत त्या वेगवेगळ्या असतात, म्हणून चालत नसलेली पेनं फेकण्याआधी स्प्रिंगा काढून ठेवा. ओढणाऱ्या स्प्रिंगांसाठी कागद आत खेचणारी यंत्रं उघडा. प्रिंटरमध्ये अशा स्प्रिंगा डझनावारी असतात. ओढणारी स्प्रिंग निवडताना दोन्ही टोकांचे आकडे एकाच दिशेला आहेत की काटकोनात, हे पाहायचं राहून जातं. आणि पायांच्या, पीळ देणाऱ्या स्प्रिंगेत ती डावी गुंडाळलेली आहे की उजवी, हेही.

कुत्र्याची बारीक स्प्रिंग विकत मिळणं अवघडच. ती स्वतः वळा. गिटारची सर्वांत बारीक पोलादी तार साधारण पाव मिलीमीटरची असते आणि ती खऱ्या स्प्रिंगच्या पोलादाची असते. पुढच्या साध्या तारा ०.४ मिलीमीटरच्या आसपास जातात. हव्या त्या आकाराहून लहान दांड्यावर गुंडाळा, कारण सोडल्यावर वेढे उमलतात. किती उमलतात हे तारेवर अवलंबून, तेव्हा दोन-तीन प्रयत्न वाया जाणार हे धरून चला. साधी बांधायची तार किंवा तांब्याची तार इथे चालत नाही. ती वाकते आणि वाकलेलीच राहते.

मुख्य स्प्रिंग, म्हणजे चावीने भरणारी पोलादी पट्टी, हा वेगळा विषय. ती बहुतेक वेळा टोकाशी तुटते. आतलं टोक आसाच्या आकड्यात अडकलेलं असतं, बाहेरचं एखाद्या खांबाभोवती. टोक तुटलं असेल तर स्प्रिंग बदलू नका. तुटलेल्या टोकाचा दीडेक सेंटिमीटर भाग ज्योतीवर लाल करा आणि हवेत सावकाश निवू द्या. तेवढाच भाग मऊ पडतो. मग तिथे छिद्र पाडता येतं, घडी घालता येते. बाकीची पट्टी ओल्या फडक्यात धरा, नाहीतर तिचाही जोर जाईल. बाहेरचा एखादा वेढा कमी झाला तरी खेळण्याच्या चालण्यात फारसा फरक जाणवत नाही. पट्टी मधोमध तुटली असेल तर मात्र रिवेट मारून जोडू नका. जोड टिकत नाही आणि तुटताना आजूबाजूचे दातेही घेऊन जातो.

नवीन पट्टी घ्यायचीच झाली तर रुंदी, जाडी आणि लांबी ही तीन मापं लागतात. जोर रुंदीच्या प्रमाणात वाढतो, पण जाडीच्या घनाने. ०.३० च्या जागी ०.३३ मिलीमीटरची पट्टी घातली तर जोर तिसऱ्या हिश्श्याने वाढतो, आणि पन्नास वर्षांच्या पत्र्याच्या दात्यांना तो झेपेलच असं नाही. नेमकी न मिळाल्यास किंचित पातळ घ्यावी. गजराच्या घड्याळाच्या पट्ट्या रुंदीला बऱ्याचदा जवळपास जुळतात.

आस, पिना, वॉशर

हा भाग सोपा आहे. सायकलचा साधा स्पोक दोन मिलीमीटर जाडीचा असतो, तेव्हा दोन मिलीमीटरचा आस हवा असेल तर जुनं सायकलचं चाक गाठा. त्याहून बारीक आसांसाठी शिवणाच्या आणि विणकामाच्या सुया. शिवणाची सुई कडक पोलादाची असते. ती कटरने कापू नका, कटरचं तोंड फुटतं. फडक्यात धरून पकडीने मोडा आणि टोक दगडावर घासा. मनगटी घड्याळाच्या पट्ट्यातली स्प्रिंगची पिन दोन्ही टोकांनी आत दबते, म्हणून पत्र्याचं कवच न उघडता आस बसवायला ती फार उपयोगी.

छिद्र झिजून लांबट झालं असेल तर आस बदलून उपयोग नाही. छिद्र मोठं करून त्यात बारीक पितळी नळीचा तुकडा, म्हणजे बूश, बसवा. संपलेल्या पेनाची धातूची रिफिल ही अशी नळी फुकट देते. चाक आसावरून निसटू नये म्हणून टोकाला जी दातेरी टोपी ठोकलेली असते ती एकदाच वापरायची असते. काढलीत तर नवी लावा. आसाला खाच असेल तर ई आकाराची क्लिप, आणि दोन्ही नसेल तर तारेच्या इन्सुलेशनचा घट्ट बसणारा तुकडाही चालतो. दिसायला ठीकठाक, पण चाक धरून ठेवतो.

स्क्रू

एका शेजारी एक असे दहा आटे मोजा आणि त्या लांबीला दहाने भागा. हे झालं दोन आट्यांमधलं अंतर. दोन मिलीमीटर जाडीच्या मेट्रिक स्क्रूला (एम२) ते ०.४ मिलीमीटरचं, एम२.५ ला ०.४५ चं आणि एम३ ला ०.५ चं. मोजलेली जाडी २.८ किंवा २.२ अशी मधेच आली तर ते जुनं ब्रिटिश खेळणं असू शकतं आणि स्क्रू बीए (ब्रिटिश असोसिएशन) या जुन्या मापांच्या मालिकेतला. ६ बीए जाडीला २.८ आणि ८ बीए २.२ मिलीमीटर. त्यात जवळपासचा मेट्रिक स्क्रू कोंबू नका, दोन फेऱ्यांत आटे जातात. मेकॅनो या पट्ट्या-स्क्रूंनी जोडायच्या खेळसंचातल्या पट्ट्यांची छिद्रं अर्ध्या इंचावर, म्हणजे १२.७ मिलीमीटरवर असतात आणि जुन्या संचांतले स्क्रू ५/३२ इंच व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश आट्यांचे. फ्रँक हॉर्नबी यांनी १९०१ मध्ये पेटंट घेतलेली ही मांडणी पुढेही टिकली, त्यामुळे जुन्या संचातले भाग नव्याला आणि नव्यातले जुन्याला बसण्याची शक्यता चांगली असते.

प्लास्टिकमध्ये परत स्क्रू लावताना आधी उलटा फिरवा. टक् असा हलका आवाज आला की तो जुन्या आट्यात उतरला, मग सुलटा फिरवा. एवढी एक सवय लागली तर भोकं निकामी होणं बरंच थांबतं.

चावी

आसाच्या चौकोनाची एक बाजू मोजा. घड्याळाच्या चाव्या पाव-पाव मिलीमीटरच्या टप्प्याने मिळतात, त्यातली सर्वांत घट्ट पण सहज जाणारी घ्या. ढिली चावी चौकोनाचे कोपरे गोल करते आणि मग कुठलीच चावी लागत नाही. काही खेळण्यांत चावी आट्यांनी बसवलेली असते. ती भरण्याच्या उलट दिशेला फिरवली की निघून येते, आणि हरवण्याचं कारणही तेच. घरी करायची तर चौकोनाच्या कर्णाएवढी आतून रुंद पितळी नळी घ्या. तीन मिलीमीटरच्या बाजूला कर्ण ४.२४ येतो. नळी तापवून मऊ करा, आत तीन मिलीमीटरचा चौकोनी दांडा घाला, चारही बाजूंनी हलके ठोका आणि वरून पत्र्याचे पंख डागा.

रबर

जुना पट्टा वितळून डांबरासारखा झाला असेल तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुली साफ करा. मग दोरा पुलींभोवती मूळ वाटेने गुंडाळून लांबी घ्या, त्यातून ५ ते १० टक्के कमी करा आणि ३.१४ ने भागा. दोरा १५० मिलीमीटर भरला तर साधारण ४४ मिलीमीटर आतल्या व्यासाची ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, लागेल. जाडी पुलीच्या खाचेएवढी. जाड ओ-रिंग घट्ट बसते म्हणून चांगली वाटते, पण अशक्त यंत्राचा सगळा जोर तिला वाकवण्यातच जातो. गळालेल्या टायरच्या जागीही ओ-रिंग उत्तम.

कुठे शोधावं

पहिला पर्याय त्याच जातीचं मोडकं खेळणं, पण दिसायला तेच असण्याचा आग्रह नको. पत्र्याची खेळणी बनवणारे एकच यंत्र अनेक कवचांत घालत. बाहेरून बदक असेल, आत तुमच्याच बेडकाचं यंत्र निघेल. त्यामुळे फोटो बघताना रंगरूप सोडून चावीची जागा, चावीची दिशा, चाकांमधलं अंतर आणि खालच्या पत्र्यावरच्या कानांच्या फटी जुळतात का ते पाहा. विक्रेत्याला ‘चालतं का’ असं विचारण्यापेक्षा ‘पोटाचा फोटो पट्टीसह पाठवता का’ असं विचारा.

तळाचे शिक्के वाचा. ‘मेड इन ऑक्युपाइड जपान’ म्हणजे १९५२ च्या आधीचं, ‘यू. एस. झोन जर्मनी’ म्हणजे युद्धानंतरची पहिली काही वर्षं. ‘डी. आर. जी. एम.’ ही जुनी जर्मन नोंदणीची खूण, आणि तशी नोंदणी १८९१ पासून सुरू झाली. देश आणि काळ कळला की स्क्रू मेट्रिक असतील की इंचाचे, आणि कुठल्या काळातलं भंगार चाळायचं हे ठरवता येतं.

भंगारात माझी आवड ठरलेली आहे. प्रिंटर हा सर्वांत श्रीमंत: चाकं, गुळगुळीत पोलादी दांडे, स्प्रिंगा, वॉशर. सीडी प्लेअरच्या ट्रेत छोटी चाकं, पुली आणि पट्टा मिळतो. चावीच्या टायमरमध्ये पितळी चाकं आणि पट्टीची स्प्रिंग दोन्ही. सेलवर चालणारं भिंतीचं घड्याळ मात्र उघडू नका, त्याची चाकं सुयांना हलवण्याइतकीच मजबूत असतात. मागे ओढून सोडायच्या गाड्यांची मोटर एका बंद डबीत असते. तिची चाकं काढत बसण्यापेक्षा डबीची लांबी-रुंदी आणि आसाची जाडी मोजून दुसऱ्या गाडीची अख्खी डबीच घाला.

मिळालंच नाही तर

थ्रीडी प्रिंटचा सल्ला सगळे देतात. ०.५ मॉड्यूलच्या दात्याची उंची १.१ मिलीमीटरच्या आसपास आणि मधली जाडी ०.८ हूनही कमी असते. घरगुती प्रिंटरचं नोझल सहसा ०.४ चं, म्हणजे अख्खा दाता दोन रेघांत उरकतो. असा दाता फार टिकत नाही. मॉड्यूल १ आणि वरची चाकं चांगली निघतात. त्याहून बारीक हवीत तर रेझिनवर छापा, पण रेझिन ठिसूळ असतं. खरं टिकाऊ हवं असेल तर नायलॉनच्या भुकटीपासून छापून देणाऱ्यांकडे फाइल पाठवा. सारखं धड चाक हाताशी असेल तर सिलिकॉनच्या साच्यात त्याचा ठसा घेऊन इपॉक्सी ओतणंही जमतं. हलक्या कामाला ते पुरतं.

कॅम, कुत्रा, दुवा असे सपाट भाग पत्र्यातून कापा. स्कॅनची प्रिंट चिकटवा, बारीक करवतीने कापा, छिद्र आधी पाडा आणि बाहेरचा आकार नंतर. क्रम उलटा केला तर छिद्र पाडताना तुकडा हातातून फिरतो.

बसवून पाहणं

कवच लावण्याआधी यंत्र उघडंच चालवा, तेही चावीचे दोन फेरेच देऊन. चाकांच्या जोडीत किंचित खुळखुळ असायला हवी. अजिबात नसेल तर थोड्या वेळाने अडकेल. आसांच्या टोकांना सुईच्या अग्रावर मावेल एवढंच घड्याळाचं तेल, पट्टीच्या स्प्रिंगवर पातळ ग्रीस, आणि दात्यांवर काहीच नाही. खाद्यतेल कुठेच नको, ते सुकून चिकट होतं.

खेळणं परत लहान मुलाच्या हातात जाणार असेल तर तीन गोष्टी तपासा. बसवलेला भाग ओढून निघतो का, टोक टोचतं का, आणि जुन्या रंगाचे पोपडे निघतात का, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांतले सुटे भाग तपासायला ३१.७ मिलीमीटर व्यासाची नळी वापरतात. तीत जो तुकडा पूर्ण मावतो तो घशात अडकू शकतो. वजन किंवा खटक्यासाठी बटणासारखं लोहचुंबक वापरायचा मोह होतो. तो मुलांच्या खेळण्यात आवरा.

कवच लावताना, कान दुमडण्याआधी, मापांचं कार्ड बारीक घडी करून जमत असेल तर पोटातच ठेवा: बदललेलं चाक १६ दाते, मॉड्यूल ०.५, छिद्र २.०. चाकांपासून दूर, चिकटपट्टीने बसवून.